नैरोबीच्या कोपऱ्यावरची आजी

आजी केल नावाच्या पालेभाजीची जुडी हातात घेतली की आधी एक देठ मोडून बघायची. टचकन मोडला नाही तर जुडी माझ्यासमोर आपटायची. "दुकावाला, हे बकरीला घाल!" त्यांच्या नैरोबीकडे भारतीय दुकानदाराला दुकावालाच म्हणतात. परदेशातल्या या क्वेकर्स हिल उपनगरातलं हे दुकान मी शून्यातून उभं केलंय. घासाघिशीत मला हरवणारी ही एकटीच. मीही भडकायचो. "पटत नसेल तर सुपरमार्केटात जा, आजी." ती खो खो हसायची. "तिथे भांडू कोणाशी? मशीनशी?"

नैरोबीत ती रस्त्याच्या कोपऱ्यावर भाजी विकायची. शहर भराभर फुगलं, टॉवर आले, मॉल आले. "मॉलमध्ये लोक फिरायला जातात," ती म्हणायची, "कामावरून सुटले की रात्रीच्या भाजीसाठी माझ्याकडेच येतात." त्यांना पालेभाजी बारीक चिरून हवी, घरी गेल्यावर नुसती फोडणीला टाकायची. हाताकडे न बघता, गप्पा मारत ती चिरायची. कोण आजारी, कोणाकडे पाहुणे आलेत, तिला भाजीवरून कळायचं.

सुनेच्या बाळंतपणापुरती म्हणून कोपरा भाचीवर सोपवून ती इथे, जवळच्या केलीव्हिलला आली. मुलाचं भलं मोठं घर, रुंद रस्ता, रस्त्यावर माणूस नाही. बाळ चालायला लागलं तरी मुलगा परतीचं तिकीट काढेना. "उन्हातान्हात बसायला परत कशाला जायचं?" तो माझ्याच काउंटरपाशी म्हणाला.

माझं डोकं फिरलं. "त्याच उन्हाने तुला युनिव्हर्सिटीत पाठवलं ना?"

"तू तुझं दुकान सांभाळ, मित्रा."

त्या दिवसापासून त्याने भाजी ऑनलाइन मागवायला सुरुवात केली आणि आजीचं बाहेर पडायचं निमित्तच गेलं. तो राग मी अजून सोडलेला नाही.

शेवटी मीच जुडी घेऊन तिच्या दारात गेलो. नुकताच नैरोबीहून भाचीचा फोन येऊन गेला होता, तिनेच सांगितलं. भाचीने कोपऱ्यावर पक्कं छप्पर घातलं होतं. 'मावशी, आता तू दमू नकोस,' म्हणाली होती.

आजीने मला आत बोलावलं नाही. उंबऱ्यातच विचारलं, "तू विकणारा माणूस आहेस. खरं सांग, गिऱ्हाईक आपली आठवण किती दिवस ठेवतं?"

माझ्या दुकानासमोर दुसरं दुकान उघडलं तेव्हा माझी गिऱ्हाइकं आठवडाभरात तिकडे वळली होती.

"आयुष्यभर," मी म्हटलं.

तिने जुडीतला एक देठ मोडून बघितला. "खोटं छान बोलतोस."

आत बाळ रडलं तशी ती वळली. दार आपोआप लागणारं होतं; ते माझ्यासमोर बंद झालं.