तबकडीवरची हाक

रहिमतपूरच्या बाजूला केरबाच्या मोटेचं नाव होतं. तीस हात खोल विहीर, दिवसाला दीडशे मोटा, आणि हातात ना कासरा ना चाबूक. बैल हाकेवर चालायचे. "चित्र्या पाखऱ्या, घ्या रं उतार" म्हटलं की जोडी विहिरीपासून उतरत जाणाऱ्या धावेवरून खाली निघायची आणि मोट वर यायची. "या रं माघारी" म्हटलं की जोडी तशीच मागं सरायची आणि मोट विहिरीत उतरायची. बैलाला मागं चालायला शिकवणं सोपं नाही. केरबानं त्यात दोन वर्षं घातली होती.

दोन हाकांच्या मध्ये तो जे म्हणायचा त्याला गाणं म्हणावं तर चाल नव्हती, बोलणं म्हणावं तर दम घ्यायला जागा नव्हती. यमकाला यमक लागत जायचं आणि शब्द बैलांच्या पावलावर पडायचा. उंब्रजचा शाहीर भाऊसो ते ऐकायला आठ दिवस विहिरीच्या काठावर बसून राहिला. सगळं पाठ केलं, पण हाक काही त्याला जमली नाही. मग तो केरबाला मुंबईला घेऊन गेला. कडवी भाऊसोनं म्हटली. प्रत्येक कडव्याआधी उताराची आणि कडव्यानंतर माघारीची हाक केरबानं दिली. १९७० साली तबकडी निघाली.

सांगलीच्या दुकानात सकाळी फोडलेला गठ्ठा संध्याकाळपर्यंत उरत नसे. इतर गाणी सहा महिन्यांत शिळी व्हायची. हे तीन वर्षं झाली तरी लग्नात, जत्रेत, एस. टी. स्टँडच्या हॉटेलात वाजत होतं. भाऊसोनं जीप घेतली. केरबाला एक फेटा मिळाला, आणि त्याची तक्रार नव्हती. रजेवर आलेले फौजी सांगायचे, "केरबातात्या, जम्मूत ऐकली तुमची हाक."

पहिल्यांदा तसं झालं तेव्हा तो हसला होता. तो भाकरी खात बसला असताना रस्त्यानं कर्ण्यावर तेच गाणं लावलेली गाडी गेली, आणि जोडी आपली आपण मोट ओढत निघाली. दुसऱ्यांदा तो हसला नाही. त्यानं ओरडून थांबवायला पाहिलं. बैलांनी कान हलवले आणि मोठ्या आवाजाचं ऐकलं. दोन्ही आवाज त्याचेच होते.

१९७३ च्या उन्हाळ्यात विहिरीनं तळ दाखवला. खोल केल्याशिवाय इलाज नव्हता. धाकटा भाऊ अर्जुना खाली उतरून सुरुंगानं फुटलेले धोंडे साखळीत बांधायचा, आणि बैल ते वर ओढायचे. धोंडा काठावर आला की केरबा बैलांना उभं करून यायचा. तो आणि त्याची बायको साळूबाई मिळून धोंड्याखाली बाभळीच्या दोन फळ्या सरकवायचे. फळी दोघांनी उचलायची होती, एकानं नव्हे. खाली अर्जुनाला बाजूला सरायला दोन पावलांचीही जागा नव्हती.

त्याच आठवड्यात शेजारच्या मळ्यातल्या नानासोंच्या घरी लग्न होतं. केरबा आदल्या दिवशी त्यांच्या मांडवात जाऊन उभा राहिला.

"नानासो, उद्या ते गानं लावू नका. हिरीत मानूस हाय."

"आरं गड्या, सारं जग नाचतंय त्याच्यावर, आन् तूच बंद करा म्हनतोस?"

"बैलं ऐकत्यात."

"म्हंजी तुजी बैलंबी कलाकार झाली म्हन की."

बसलेली माणसं हसली. नानासोंनी केरबाचं तोंड बघितलं आणि ते थांबले. "बरं. न्हाई लावत. शब्द दिला."

त्यांनी शब्द पाळला. त्यांच्या मांडवातला कर्णा सकाळपासून गप्प होता. पण दुपारी यायचं वऱ्हाड कोरेगावहून दहालाच आलं, आणि ट्रकवर त्यांचा स्वतःचा कर्णा होता. हे नानासोंच्या ध्यानात आलं नव्हतं. केरबाच्याही नाही.

अर्जुनानं चार मणाच्या धोंड्याला एक वेढा घातला होता. दुसरा राहिला होता. ट्रक ओढ्याच्या वळणावर आला आणि केरबाची हाक सगळ्या रानावर पसरली.

"चित्र्या पाखऱ्या, घ्या रं उतार."

बैल निघाले. खालून अर्जुनाचा आवाज आला, "दादा, आवं थांबवा, अजून बांदला न्हाई."

केरबाच्या कमरेला विळा होता. बैलांच्या जुवापासून साखळीपर्यंत गेलेला नाडा कापला तर धोंडा सरळ अर्जुनावर. बैलांना आडवा गेला तर हिसका बसणार, आणि एका वेढ्यातला धोंडा हिसका सोसत नाही. सुरू झालेली खेप सावकाश वर नेणं, एवढंच हातात होतं. तो चित्र्याच्या कानाशी चालू लागला आणि तेच शब्द म्हणू लागला. भाऊसोनं मुंबईत लय जलद केली होती. केरबा ती दाबत होता, पावलागणिक. फार दाबली तर धोंडा काठावर येण्याआधी माघारीची हाक येणार होती.

"साळे, फळ्या. तू एकटीच."

साळूबाईनं पहिली फळी छातीनं रेटली. धोंडा काठावर आला तो एका बाजूला कलंडलेला. साखळी एक कडी सरकली. तिनं दुसरी फळी उचलली नाही, नुसती गुडघ्यानं ढकलत नेली. फळीचं टोक समोरच्या दगडावर टेकलं, तेवढ्यात हाक आली.

"या रं माघारी."

बैल मागं सरले. धोंडा फळ्यांवर बसला. फळ्या वाकल्या, करकरल्या, पण राहिल्या. साळूबाईनं साखळी सोडवली. कडवी चार होती. उरलेली तिन्ही कडवी बैल रिकामा नाडा ओढत उतरले आणि रिकामाच सोडत मागं आले. केरबा बाजूला उभा राहून बघत होता.

अर्जुना भिंतीतल्या खोबणींत पाय देत वर आला. कोपरापासून मनगटापर्यंत कातडं सोललं होतं. तो पाणी प्याला.

"दादा, मी बांदत असताना हाक कशी दिली तुमी?"

केरबानं रस्त्याकडं बघितलं. ट्रक गेला होता, धूळ खाली बसत होती.

"दिली खरी," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी त्यानं बैलांना कासरा लावला आणि तो अर्जुनाच्या हातात दिला.

"सवय न्हाई त्यास्नी कासऱ्याची," अर्जुना म्हणाला.

"लागंल. तोंडानं काय बोलू नगंस. घट धर."

मग केरबा स्वतः विहिरीत उतरला. खाली अजून सोळा धोंडे होते. त्या महिन्यात लग्नाच्या तिथी आणखी सात होत्या.