कॅमेरा वर, मी खाली

पडताना माणूस आधी डोकं सांभाळतो. आम्ही फोटोग्राफर कॅमेरा सांभाळतो. मांडवातल्या खुर्चीवरून, पवनीच्या घाटावरून, मी बऱ्याच ठिकाणी आपटलोय. कोपरं सोलली, पण भिंगाला कधी ओरखडा येऊ दिला नाही. आणि कॅमेरा दुसऱ्याच्या हातात? बायकोलाही देत नाही. तिचं त्यावरचं मत इथे लिहिण्यासारखं नाही.

कोंढ्याच्या एका मुलाचं लग्न ठरलं होतं. त्याची हौस अशी, की लग्नाआधीचे फोटो आपल्याच धानाच्या बांधीत, म्हणजे भातखाचरात काढायचे. होणाऱ्या बायकोची अट एकच, ती तिने मला बाजूला घेऊन सांगितली. तिचा समोरचा एक दात दुसऱ्यावर चढलेला होता. "दादा, दात दिसाले नाही पायजे." त्यामुळे प्रत्येक फोटोत ती ओठ घट्ट मिटून उभी. मुलगा तिला हसवायच्या मागे, आणि मी दोघांच्या मध्ये सापडलेला.

माझं चुकलं एवढंच, की रोवण्याच्या, म्हणजे भातलावणीच्या शेवटच्या दिवशी गेलो, तेही पांढरा शर्ट घालून. त्या दिवशी रोवणाऱ्या बायका बांधीत सापडेल त्याला चिखल फासतात, मालकालाही सोडत नाहीत. हातातला कॅमेरा पाहून मला तेवढं वगळलं होतं.

मग पायाखालच्या धुऱ्याची, बांधाची ओली कड सुटली आणि मी घसरून थेट चिखलात बसलो. दोन्ही हात वर, कॅमेरा कोरडा ठणठणीत. ती खळखळून हसली, तोंडावर हात न ठेवता. मुलगा तिच्याकडे बघतच राहिला. फोटो काढणार कोण? कॅमेरा माझ्या डोक्यावर आभाळाकडे तोंड करून होता.

मुलगा म्हणाला, "दादा, आणखी एक डाव पडून देता का?"

राग यायला हवा होता. पण त्याचा चेहरा पाहून मी बाहेर आलो, पट्टा त्याच्या गळ्यात घातला आणि कुठलं बटण दाबायचं ते दाखवलं. मुद्दाम पडायची वेळच आली नाही. माझे हात रिकामे दिसताच बायकांनी मला दोन्हीकडून धरून बांधीत ओढलं आणि नखशिखांत माखलं. मीही ओरडत, हसत होतो. इतका मोकळा मी कामावर कधीच नव्हतो.

हात धुऊन आम्ही तिघांनी मुलाने तेवढ्यात काढलेला फोटो पाहिला. धुरा तिरका, कोपऱ्यात माझा चिखलाचा पाय, आणि मध्ये ती, दोन्ही दात दाखवत हसणारी. मला तो फार आवडला, पण अट तिची होती. मुलगाही वरमला. "तू म्हणशीन तर काढून टाकतो," तो तिला म्हणाला.

तिने कॅमेऱ्याच्या पडद्यावर बोट ठेवलं.

"दादाचा पाय तेवढा कापा," ती मला म्हणाली. "दात राहू द्या."