कोठीतल्या सहा म्हाताऱ्या

आमच्या बालघराला अनुदान मिळालं, त्याचं श्रेय गाव मला देतं. नवी सेविका आली की तिला माझ्याकडे बोट दाखवून सांगतात, "या आजीनं आणलं बरं ते." मी मान खाली घालून लाजते. लाजणं मला छान जमतं. पण खरं काय झालं ते पाहिलेल्या सहा जणींपैकी आता एकच उरली आहे आणि तिला ऐकू येत नाही, म्हणून आता कबूल करायला हरकत नाही.

तेव्हा मी चाळिशीची होते. अमरावतीहून डीएड केलेलं, नोकरी कुठे लागलेली नाही, त्यामुळे घरात भाकरी वाढतानासुद्धा फळ्यापुढे उभी असल्यासारखी बोलायचे. वलगावच्या पुढे आमचं गाव. तिथल्या विहारामागच्या खोलीत आमचं बालघर चालायचं. चालवायचे मी, असं मी म्हणायचे. कापसाच्या वेचणीला बाया गेल्या की त्यांची लेकरं सांभाळायच्या त्या गावातल्या सहा म्हाताऱ्या, आणि त्यांची म्होरकी माझी सासू. मी फक्त हजेरी घ्यायचे.

बालघर निघालं ते शेजारणीच्या मुलीमुळे. आई वेचणीला, मुलगी शेताच्या बांधावर, म्हणजे धुऱ्यावर, बाभळीच्या सावलीत, आणि तिथे तिला विंचू चावला. मुलगी वाचली. पण नंतर आई तिला धुऱ्यावर न्यायला धजेना. मग सासूबाई म्हणाल्या, "आण माह्याकडं." एकीचं पाहून दुसरीनं आणलं, आणि खोली भरली.

त्या वर्षी उन्हाळ्यातल्या वावटळीत खोलीचे अर्धे पत्रे उडाले. उरलेले खडखडत होते. विहार समितीनं सांगितलं, नवे पत्रे बसेपर्यंत खोलीत लेकरं बसवायची नाहीत, एखादा पत्रा डोक्यावर पडला तर कोण जबाबदार? सोयाबीनचे दिवस सरले की वेचणी लागणार होती. शेजारीण रोज संध्याकाळी कुंपणाशी येऊन विचारायची, "झालं का वो ताई तुमचं ते अनुदान?"

कारण मी गावभर सांगून ठेवलं होतं. लहान मुलांसाठी काही नवं करणाऱ्यांना एक संस्था पैसे देते, हे मी पेपरात वाचलं होतं. अर्जात विचारलं होतं, तुमच्या उपक्रमात नवीन काय? मी आमची खोली डोळ्यांपुढे आणली. सहा म्हाताऱ्या, वाट्या, चमचे, कापूस. यात नवीन काहीच नव्हतं. म्हणून मी डीएडचं पुस्तक काढलं आणि त्यातले सगळ्यात लांब शब्द निवडून अर्जात घातले. 'सूक्ष्म कारक कौशल्यांचा विकास', म्हणजे बोटांनी बारीक कामं जमणं, हा त्यातला माझा लाडका. सासूबाईंना वाचून दाखवला तर म्हणाल्या, "आजार हाय का काही?"

अकोल्याहून पाहणीला दोघं येणार, असा निरोप आला. मी अमरावतीला जाऊन रंगीत ठोकळे आणले. त्यांचं प्लॅस्टिकचं वेष्टन काढलं नाही, कारण अनुदान नाही मिळालं तर दुकानदार परत घेणार होता. समितीनं पाहणीपुरता विहार उघडून दिला; तिथे तक्ता टांगला, लेकरांना ओळीत बसवून 'गुड मॉर्निंग' शिकवलं. राहिल्या म्हाताऱ्या. फाटक्या लुगड्यांच्या, पान खाणाऱ्या, पाहुण्यांना 'तुमी किती शिकले' विचारणाऱ्या. त्यांचं काय करायचं? विहार आणि आमची खोली यांच्यामध्ये खाऊ ठेवायची कोठी होती.

"आत्याबाई, तासभर कोठीत बसता का?" मी सासूबाईंना विचारलं.

"कायले?"

"पाहुणे येऊन राहिले."

"मंग आमी का चोर हाओत?" असं म्हणत त्या पाचही जणींना घेऊन खाऊच्या पोत्यांवर जाऊन बसल्या. दार मीच ओढलं. माझ्याएवढी हुशार बाई पंचक्रोशीत नव्हती.

पाहुणे आले, एक मॅडम आणि एक सर. लेकरांनी माना डोलावून "जय भीम" म्हटलं. गुड मॉर्निंग सगळी विसरली होती. मॅडमनी अर्ज उघडला. "सूक्ष्म कारक कौशल्य कुठे पाहायला मिळेल?"

मी भिंतीवरच्या तक्त्याकडे बोट दाखवलं. तक्ता प्राण्यांचा होता.

तेवढ्यात शेजारणीच्या मुलीनं ठोकळ्यांचं प्लॅस्टिक ओढलं. मी ते हिसकावलं. तिनं जे भोकाड पसरलं, ते माझ्या कुठल्याच युक्तीनं थांबेना. मी टाळ्या वाजवल्या, चिमणी झाले. ती उठली, सरळ कोठीशी गेली आणि दारावर थापा मारायला लागली. "आजी, भाईर ये."

आतून माझ्या सासूचा शांत आवाज आला, "नाई येत बेटा. तुह्या बाईनं नाई म्हटलं."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी तक्त्याकडे. मॅडमनी दार उघडलं.

रिकामं बसवत नाही म्हणून सहाही जणी गेल्या सालचा उरलेला कापूस निवडत होत्या. मुलगी सासूबाईंच्या मांडीत शिरली, हुंदके देतच एक बोंड घेतलं आणि दोन बोटांच्या चिमटीत कापसातली सरकी काढून डब्यात टाकली. टण्ण. मग दुसरी. रडणं थांबलं.

"हे काय करते ही?" मॅडम खाली बसल्या.

"सरकी काढून राहिली. दिसून नाई राहिलं का तुमाले?" सासूबाई म्हणाल्या.

"तोंडात नाही घालत?"

"तोंडात घालायच्या वयाच्याले देतच नाई. त्याले वाटी-चमचा. थोडं मोठं झालं का दोडक्याच्या शिरा सोलाले. मंग सरकी. आमच्या डोयापुढंच, मोकळं नाई सोडत."

मॅडम हसल्या आणि माझ्याकडे वळल्या. "ताई, हे अर्जात का नाही लिहिलं?"

मी हातातल्या ठोकळ्यांचं प्लॅस्टिक सरळ करायला लागले.

नवा अर्ज त्या पोत्यावर बसूनच लिहिला गेला. सांगणाऱ्या सहा जणी, लिहिणारी मी. शुद्धलेखन मात्र माझंच होतं, एवढं तरी माझं म्हणून राहू द्या. वेचणीच्या तोंडावर पत्रे बसले, म्हाताऱ्यांना मानधनही सुरू झालं. शेजारणीची मुलगी धुऱ्यावर गेली नाही. आता ती अकोल्याला नर्सिंग शिकते आणि सुट्टीत आली की मला टोचून विचारते, "आजी, ठोकळ्यांचं प्लॅस्टिक काढलं का?"

परवा नव्या सेविकेनं पुढच्या अनुदानासाठी मोबाइलवर व्हिडिओ घ्यायला घेतला. मी नेहमीच्या जागी, लेकरांत. ती फार आदरानं म्हणाली, "आजी, जरा बाजूला बसता का? तुम्ही मधे येऊन राहिल्या."

मी कापसाची टोपली उचलली आणि कोठीत जाऊन बसले. दार मात्र उघडंच ठेवलं. दुसरी सरकी डब्यात पडायच्या आत तीन लेकरं माझ्या मांडीशी होती, आणि त्यांच्यामागे मोबाइल घेऊन ती.