कुळवावरचं वजन

आमच्या रानात ट्रॅक्टर जात नाही, आणि खरं सांगायचं तर त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. वाट शेजाऱ्याच्या उसातून जाते, बैलगाडी कशीबशी निघते एवढीच. म्हणून मोहोळच्या अंगाला बाकी सगळ्यांनी बैल विकले तरी आमच्या दारात जोडी आहे आणि गोठ्यात कुळव आहे.

ज्यांनी कुळव बघितला नसेल त्यांना सांगते. आडवं जाड लाकूड, त्याला दिंड म्हणायचं. दिंडाच्या खाली दोन खुंट्यांत बसवलेलं लांब लोखंडी पातं, ती फास. पुढं बैलांच्या जुवापर्यंत जाणारी दांडी आणि मागं माणसानं धरायचं रुमणं. फास जमिनीत चार बोटं आत शिरते, तणाची मुळं कापते आणि वरची माती भुसभुशीत करून तिथंच सोडते. शाळू पेरायच्या आधी अशा पाळ्या घातल्या की ओल खाली कोंडून राहते, आणि मग थंडीभर पाण्याचा थेंब न देता ज्वारी उभी राहते. आमची काळी माती असल्या कामाला लई गुणाची. मात्र वाफसा बघून जावं लागतं. ओलीत घातला तर फाशीला चिखल चिकटतो, उशीर केला तर ढेकळं निघतात.

हे सगळं आमच्या मालकांचं खातं. उभा जन्म हा माणूस कुळवामागं चालला. मी पेरणीला, खुरपणीला, काढणीला. कुळव त्यांचा. त्यात मी कधी नाक खुपसलं नाही, कारण माझी नाक खुपसायची ठिकाणं दुसरी भरपूर होती.

मागच्या उन्हाळ्यात त्यांचा गुडघा पार गेला. सोलापुरात ऑपरेशन केलं. डॉक्टर म्हणाले, घरात चाला, अंगणात चाला, पण यंदा ढेकळातनं बैलांमागं चालायचं नाही. झालं. घरी आले आणि सोप्यात खाटेवर बसले ते बसलेच. तिथल्याच नवी पेठेतून मी हौसेनं काठी आणली, चांगली पितळी मुठीची. ती त्यांनी खुंटीला अडकवली आणि परत तिच्याकडं बघितलं नाही. बोलणं बंद. जेवताना अर्धी भाकरी तशीच ताटात. एकदा मी चिडून विचारलं, "काय झालंय तरी काय तुमाला? गुडघा तर बरा हाय की."

"गुडघा बरा हाय," ते म्हणाले. "पर माझं आता काम काय हाय हितं?"

मी तोंडाची फटकळ, पण तेव्हा नुसतं ताट उचलून आत गेले. मला भीती वाटली, हो, चांगलीच भीती वाटली. आमच्या भावकीत अशी चांगली हाडापेराची माणसं खाटेवर बसली आणि बसल्या बसल्या आटून गेलेली मी बघितली आहेत. दुखणं काही नव्हतं. त्यांना कुणी हाक मारत नव्हतं, एवढंच.

भादव्यात पाऊस उघडला आणि रानाला वाफसा आला. तण घोट्याच्या वर गेलं होतं. कुळव धरणारा गावात एकच गडी उरला होता, त्यालाही एमआयडीसीत काम लागलं. पुण्याहून लेकाचा फोन आला, "आई, यंदा ऱ्हाऊ दे की पडीक." पडीक! मी फोनवरच त्याची अशी हजेरी घेतली की त्यानं नेट जातंय म्हणून फोन ठेवला. मग खाटेवर ऐकू जाईल अशा आवाजात मी जाहीर केलं, "उद्या मी कुळव धरणार."

आमच्याकडं बायका रुमण्याला हात लावत नाहीत. का, ते कुणालाच सांगता येत नाही. पेरताना चाड्यात बी सोडायला बाईची मूठ चालते, आणि तेच रान कुळवायला तिचा हात चालत नाही, ही कुठली रीत? मालकांनी मान वर केली. "तू? कुळव?"

"व्हय, मी. अन् तुमी बी चला. बैल माझं ऐकत न्हाईत. निदान बांधावर बसून हाका तरी मारा."

कुरकुरत का होईना, गाडीत बसले.

सकाळी जोडी जुंपली, रुमणं धरलं आणि निघाले. पहिल्या ओळीला वाटलं, अगं बाई, सोपं तर आहे की. मागं वळून बघितलं तर तण जिथल्या तिथं, ताठ उभं. फास नुसती वरवर घसरत आली होती. मी पडले काटकुळी, माझ्या हाताच्या दाबानं काय होणार? मग बांधावरचा एक दगड उचलून दिंडावर दोरीनं बांधला. तो थोड्या अंतरावर एका बाजूला सरकला. कुळव तिरका झाला, एकीकडं फास खोल रुतली आणि दुसरीकडं हवेत. बैल वैतागून थांबले. दगड परत मधे घेतला, परत सरकला. शेजारच्या रानात भुईमूग खुरपणारी बाई, घरात कन्नड बोलणारी आणि माझ्याशी मराठीत भांडणारी जुनी मैत्रीण, खुरपं टेकून बघत होती. "यव्वा! वैनी, रान कुळवताय का त्याच्या पाठीवरनं हात फिरवताय?"

मला हसूही आलं आणि रडूही. तेवढ्यात बांधावरून आवाज आला, "दगूड नगं. दगडाला काय कळतंय कुटं दाबायचं अन् कुटं हलकं व्हायाचं? मी पोरगा हुतो तवा माझा बाप मला बसवायचा दिंडावर."

मी दगड सोडला आणि बांधाकडं बघितलं.

"मग बसा की तुमी."

"ह्या वयात पोरासारखा कुळवावर बसू? लोक हसत्याल."

"बाई कुळवतीया म्हणून हसायलाच लागल्यात. त्यात तुमचं बी खपून जाईल."

मग त्यांनी हात पुढं केला. मी गाडीतली वाकळ घडी करून दिंडावर टाकली, त्यांना खांद्याचा आधार दिला आणि अगदी मधोमध बसवलं. ऑपरेशनचा पाय दांडीवर लांब सोडला, खाली टॉवेल दिला. डॉक्टरांनी चालू नका म्हणून सांगितलं होतं, बसू नका असं कुठं म्हणाले होते? मऊ माती आहे, हळू जायचं, दुखलं की लगेच थांबायचं, असं तीनतीनदा बजावलं. "आता हाक की," ते म्हणाले.

त्यांनी जिभेनं एकदा च्यक केलं आणि बैल निघाले. फास खाली गेली. रुमण्यातून ते माझ्या हाताला कळलं. मातीचा आवाजच बदलला, आणि मागं काळंभोर मोकळं रान पडत गेलं, तण आडवं होऊन. जिथं टणक लागे तिथं ते पाठ मागं रेलून भार टाकत. दगडगोटे आले की, "जरा उचल," म्हणत आणि स्वतः दांडीकडं झुकत. मला मागं फक्त सरळ चालायचं होतं. लग्नापासून या माणसाला ओढत आले आहे, पण बैल जोडून ओढायची ही पहिलीच वेळ, असं मी म्हटलं तर त्यांचे खांदे हलले. किती महिन्यांनी हसत होते, देव जाणे. ओल्या मातीचा वास, बैलांच्या गळ्यातली घंटा, पुढं त्यांची पाठ. मला लई बरं वाटलं. दुपारी लिंबाखाली भाकरी सोडली तेव्हा त्यांनी मागून घेतली, आणि वर ठेचा कमी आहे म्हणून कुरकुर केली. ती कुरकुर ऐकून मी सुखावले.

कुळवाची पाळी पुरी व्हायला पुढचे काही दिवस गेले. रोज सकाळी मी चूल पेटवेपर्यंत ते कपडे करून गोठ्यात बैलांशी बोलत बसलेले असायचे. गुडघ्याची तक्रार नव्हती. शेवटच्या तुकड्याला शेजारीण बांधावर आली, कमरेवर हात ठेवून बघत राहिली आणि म्हणाली, "काय आण्णा, आता बसूनच शेती व्हय?"

मालकांनी मान न वळवता उत्तर दिलं, "काय करतो? हिला एकटीला जमत न्हाई."

एरवी कुणी माझ्याबद्दल असं बोललं असतं, तर त्याची धडगत नव्हती. मी रुमणं घट्ट धरलं आणि शेजारणीला ऐकू जाईल असं म्हणाले, "न्हाईच जमत बाई."