सुनंदाताईंचा पाय

हे मी बायकोलाही कधी सांगितलं नाही. आज तुम्हाला का सांगतोय — मलाही नीट कळत नाही.

लातूरला क्लासेसचं पेव फुटलं होतं तेव्हा मी एका क्लासमध्ये कॉम्प्युटर बघायचो. भलत्या टेचात असायचो. मशीन सुरू होताना जे सगळ्यात आधी वाचतं, ते एका छोट्या चिपमध्ये असतं. ती चिप नव्याने लिहायला मी स्वतःचा ड्रायव्हर, म्हणजे चिपशी थेट बोलणारा प्रोग्राम, तयार केला होता. चिप आधी पुसायची, मग लिहायची. मध्येच गडबड झाली की मशीन मुकं. म्हणून एक प्रोग्राम चिपवर लिहीत असताना दुसऱ्याला आत येऊ न देणारं कुलूप ड्रायव्हरमध्ये हवंच. मला ते ठाऊक नव्हतं का? होतं की. नंतर घालू म्हटलं — आणि क्लासच्या मालकांना छातीठोकपणे सांगितलं, एकदम सेफ आहे.

सराव परीक्षेच्या सकाळी मुख्य मशीनवर तो चालवला. स्क्रीन हलेना, म्हणून घाईघाईत स्क्रीनवरच्या दुसऱ्या खिडकीतून पुन्हा चालवला. दोन्ही एकदमच चिपवर लिहायला लागले. मशीन गेलं. पोरं बाहेर रांगेत, मालक दारात. चूक कुणाची, हे मला तिथल्या तिथे कळलं होतं.

टेबलापाशी सुनंदाताई उभ्या होत्या. लॅब त्याच सांभाळायच्या. भूकंपात त्यांचा डावा पाय भिंतीखाली सापडला होता, तेव्हापासून त्या पायाला काही लागलेलं कळत नसे. क्लासमध्ये सगळ्यांना माहीत होतं. मलाही. म्हणून तर — हो, म्हणूनच मी म्हणालो, "लिहिताना वीज तुटली. ताईंचा पाय लागला असेल वायरला."

वाटलं होतं, भांडतील. त्यांनी फक्त खाली पायाकडे बघितलं.

"लागला असंल, सर. मला ह्या पायाचं कळतच न्हाई."

त्यांना त्याच दिवशी काढून टाकलं. घरात म्हातारी आई, कमावणाऱ्या त्या एकट्याच. दुसऱ्या दिवशी ड्रायव्हरला कुलूप घातलं — चार ओळींचं तर काम होतं.

खूप वर्षांनी नांदेडच्या बसस्टँडवर भेटल्या. अर्धापूरला केळीच्या वखारीत कामाला होत्या. म्हणाल्या, "तवापासून मिशिनजवळ गेले न्हाई, सर. तुमचं लई नुकसान केलं मी."

तेव्हा तरी सांगायला काय हरकत होती? मी म्हणालो, "जाऊ द्या ताई, झालं गेलं."

मी त्यांना माफ केलं.