रेंज जाईपर्यंत

गिरगावातल्या आमच्या चाळीत शेजारच्या खोलीत एक वकीलकाका राहतात, एकटेच. वय झालं म्हणून कोर्टात जाणं थांबवलंय, पण दर रविवारी सकाळी ते गॅलरीत खुर्ची टाकतात आणि फोन स्पीकरवर लावतात. पलीकडे डोंगरातला एक पाडा असतो. तिथली अंगणवाडीताई लोकांना रेंजसाठी टेकडीवर घेऊन येते, काका त्यांना कायदा समजावतात आणि तालुक्याच्या कोर्टातली एक वकील मुलगी पुढचे कागद बघते.

आमच्याशी "हं"च्या पलीकडे न बोलणारा हा तिरसट माणूस तिथे एकेक वाक्य दोनदा सांगतो.

"नुसता अर्ज देऊन परतायचं नाही. पोच घ्यायची. काय घ्यायची?"

"पोच!" पलीकडून सगळे ओरडतात.

गेल्या रविवारी कळलं, दिरांनी घराबाहेर काढलेल्या एका विधवेचं नाव अखेर सातबाऱ्यावर लागलं. मंडळी हसत टेकडी उतरू लागली. फोन बंद करायचं ती नेहमीच विसरतात, आणि काकाही करत नाहीत. रेंज जाईपर्यंत ऐकत बसतात.

मी तिथेच कपडे वाळत घालत होते. फोनमधून एक बाई म्हणाली, "ताई, वकीलसायबाच्या घरात लय माणसं असतील, नाय? किती आवाज येत्यात."

"भरलेलं घर असणार," ताई म्हणाली.

कुकर आमचा होता, भांडणारी पोरं आमची. काकांनी माझ्याकडे पाहिलं नाही. फोन तेवढा हळूच आमच्या दाराकडे सरकवला.

मी आत गेले आणि टीव्हीचा आवाज वाढवला.