ढवळ्याचा खांब

अमरावतीची वास्तुरचनाकार उज्ज्वला पहिल्यांदा त्या गोठ्यात शिरली ती सकाळी दहाला, आणि बाहेर पडली ती, तिच्या ड्रायव्हरच्या म्हणण्याप्रमाणे, थेट पुढच्या हंगामात. मधल्या वेळात तिचा मोबाइल मेला, ड्रायव्हरला दाढी आली. इंद्रभान मात्र अजून तिसऱ्या बैलाच्या आजोबांपर्यंतच पोचला होता. दोष त्याचा नव्हता. सात वर्षांपूर्वी मालकाने बैल विकले, बिऱ्हाड पुण्याला हलवलं, आणि सालगडी इंद्रभान त्या शंभर वर्षांच्या सागवानी गोठ्यात एकटा उरला. सात वर्षांचं बोलणं साचलं होतं.

पोहरादेवीला जाणाऱ्या यात्रेकरूंसाठी गोठ्याचं माहिती केंद्र होणार होतं. उज्ज्वलाने कौलं उतरवली, वाळवी लागलेल्या तुळया बदलल्या. सुतार रंधा घेऊन खांबाकडे वळला, तसा इंद्रभान आडवा आला. बैलांनी अंग घासून चोवीसही खांबांना खळगे पाडले होते.

"हा ढवळ्याचा खांब व्हय," तो म्हणाला. "याले तासलं तं मी कोनासंग बोलू?"

उज्ज्वलाने रंधा थांबवला. "काका, आता लोक येतील. त्यांना माहिती तुम्हीच सांगायची."

त्या दिवसापासून इंद्रभान रोज दाढी करू लागला. सरावासाठी त्याने खांबांनाच माहिती सांगितली. मध्येच कोणी उठून गेलं नाही.

उद्घाटन नेमकं पोळ्याला ठरलं. आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे हळद-लोण्याने शेकायचे असतात. बैल गेल्यापासून तो ते खांबांवरच भागवत होता. यंदाही त्याने चोवीस खळग्यांना हळद-लोणी चोळलं, प्रत्येकाला सांगितलं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." जुनं लाकूड दरवर्षी लोणी पिऊन टाकायचं. यंदा खांबांना लावलेल्या नव्या पॉलिशने एक थेंब आत घेतला नाही.

सकाळी पाहुणे पांढऱ्याशुभ्र कपड्यांत आले आणि फोटोसाठी एकेका खांबाला ऐटीत टेकले. फोटो झकास निघाला. पाठी वळल्या, तेव्हा हळद लागलेल्या नवरदेवांची रांगच दिसली. मोठ्या साहेबांनी विचारलं, हे कोणाचं काम. इंद्रभान शाबासकी घ्यायला पुढे झाला.

उज्ज्वलाने पुष्कळ रदबदली केली, पण खांबांभोवती दोर लागले आणि इंद्रभानला रिठदला पुतण्याकडे पाठवण्यात आलं. तिथे टीव्ही दिवसभर चालू असतो.

माहिती सांगायला केंद्राच्या भिंतीवर बटणाचं यंत्र बसवलं आहे. ते दिवाळीपासून बंद आहे.